सहा बश्यांचं सोनं

केसांत खोवायचा चांदीचा आकडा सापडेना, म्हणून शालूनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. उशा झटकून झाल्या, फडताळं उचकून झाली, आणि शेवटी दमून चुलीपुढच्या पाटावर बसकण मारत ती म्हणाली, "बायाक्काचा हात लागला वाटतं." यात नवल काहीच नव्हतं. या घरात वस्तू हरवली की असंच म्हणायची रीत होती. शालूच्या वडलांचा, मारुतीरावांचा, चष्मा हरवो, देवाजवळची काडेपेटी हरवो, कंग्राळीहून आलेलं शेंगांचं पोतं हलकं लागो, बायाक्काचा हात लागलेला असायचा. म्हणणाऱ्याच्या मनात राग नसे की काही नसे. शालूच्या जन्माआधीच बायाक्का या घरातून गेलेली; ती उंच की ठेंगणी, एवढंसुद्धा पोरीला माहीत नाही. तिच्या आईनं, अंबूबाईनं, मात्र हे बोलणं एकवीस वर्षं ऐकलं होतं, सासूच्या तोंडून, नवऱ्याच्या, थोरल्या लेकीच्या, आणि दर वेळी हातातलं काम जरा जास्त नेटानं करत राहिली होती. आज तिला तेही जमलं नाही, कारण मागच्या दारात डोक्यावरून पदर घेतलेली एक अनोळखी बाई उभी होती आणि शालूचं बोलणं तिनं नीट ऐकलं होतं.

बाई चाळिशीची असेल. बोटांना सुताचे काचे पडलेले, म्हणजे मागावरच्या घरातली. तिनं डोळे वटारले नाहीत की तोंड वाकडं केलं नाही. "मी अक्काताई. वडगावची," ती म्हणाली. "बायाक्काची सून. आत्या अंथरुणाला खिळल्यात. दोन दिस झालं पाणीबी घेईनात, आन् सारखं धाकल्या बाई, धाकल्या बाई करूलाल्यात. एकदा येऊन जावा." धाकल्या बाई म्हणजे अंबूबाईच. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो अक्काताईनं घेतला नाही. काम पडलंय म्हणाली आणि आल्या पावली गेली. शालूनं जीभ चावली. मग डोळे मोठे करून आईला विचारलं, "म्हंजे बायाक्का खरीच हाय व्हय गं?"

काय सांगणार कपाळ! अंबूबाई उठली ती थेट सोप्यात, काचेच्या कपाटासमोर. आत सायबाची भांडी होती. घरात त्यांना तेच नाव. सासरे आण्णाप्पा हे मूळचे कंग्राळीचे शेतकरी; कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतल्या, घोड्यांना गवत पुरवायचा मक्ता मिळाला, हाताशी पैसा खेळू लागला, आणि गणपत गल्लीत हे घर झालं. कुणी एक मेजर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आण्णाप्पांनी ही भांडी उचलली. मेजरच्या पणज्याच्या वेळची, म्हणजे तेव्हाच शंभरी ओलांडलेली. चिनी माती अशी पातळ, की बशी उजेडाकडं धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसे. काठाला गडद निळी पट्टी, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना सोन्याची बारीक वेल, पानं-फुलं सगळं काढलेली. बघायला गल्लीतली माणसं यायची. आण्णाप्पा बशीला नखानं टिचकी मारायचे आणि तिचा नाद संपेपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

पण गंमत बघा, एवढ्या मानाची भांडी घराच्या आत कधी आली नाहीत. तांब्या-पितळेचं उष्टं राखेनं जातं, मातीचं जात नाही. ते तिच्यात मुरतं. त्यात साहेब लोकांनी या बश्यांतून काय काय खाल्लं असेल, ते नाव काढायचीही सोय नाही. म्हणून ती सोप्यात राहिली. मामलेदार, प्रांतसाहेब असं कुणी आलं की त्यांत चहा-फराळ व्हायचा आणि नंतर मागच्या परड्यात, वेगळ्या दगडावर, ती धुतली जायची. घरच्या बायकांनी शिवायची नाहीत. शिवलं तर डोक्यावरून अंघोळ केल्याखेरीज चुलीला आणि देवाला हात नाही. धुणारी एकटी बायाक्का. विणकराघरची विधवा, वडगावहून रोज चालत येई. कॅम्पातल्या एका बटलरानं तिला शिकवलं होतं, रिठ्याचं कोमट पाणी घ्यायचं, मऊ फडकं घ्यायचं आणि नुसतं टिपायचं. बाळंतिणीच्या पोराला न्हाऊ घालावं तशी ती एकेक बशी धुवायची.

अंबू तेव्हा पंधरा वर्षांची. काकतीची लेक, लग्नाला सहा महिने झालेले. स्वयंपाक बेताचा, रंग बेताचा. कौतुक व्हायचं ते एकाच गोष्टीचं, की भांडी घासावीत तर धाकलीनं. आईनं शिकवलेलं, तांब्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. चिंच, राख, नारळाची शेंडी आणि मनगटात जोर. त्या दिवशी दुपारी सगळं घर कलंडलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेब यायचे होते, आणि बायाक्का लेकीला ताप आला म्हणून अर्धा दिवस वडगावला गेलेली. अंबूनं कपाटातल्या सहा बश्या बघितल्या आणि तिला सोनं धुरकटल्यासारखं वाटलं. नुसत्या रिठ्यानं काय उजळणार? बायाक्का अंगचोर आहे, असंसुद्धा मनात येऊन गेलं. उद्या साहेबापुढं बश्या लखलखल्या की सासूबाई म्हणतील, कुणी गं घासल्या? मग सांगू. अंघोळ काय, करू की. एवढीच तिची हौस होती, दुसरं काही नाही. परड्यातल्या दगडावर ती जाऊन बसली. पहिल्या हातालाच शेंडीला काळपट पिवळा चिकटा आला आणि तिला हसू आलं, केवढी घाण साठली होती म्हणून. ती घासत गेली आणि काठ फिका पडत गेला. आता पितळ घासणाऱ्या बाईला एक पक्कं ठाऊक असतं, की वरचं काळं गेलं की खालून पिवळं निघतं. तिला वाटलं, अजून जरा जोर लावला की खरं सोनं लागेल. लागलं ते पांढरं. मग वाटलं, ही एक बशीच फसवी असेल. तिनं दुसरी घेतली. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीपर्यंत ती घासत राहिली, कारण थांबली असती तर काय झालंय ते तिला कळलं असतं.

मग तिनं बश्या विसळल्या, पुसल्या, होत्या तशा कपाटात उभ्या केल्या. अंघोळ केली नाही. अवेळी अंघोळ कसली, असं कुणी विचारलं असतं तर? तशीच आत गेली. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावला, भाकऱ्या थापल्या, आणि सगळं घर त्या हातचं जेवलं. एक खोटं पचवायला गेली आणि दोन गिळून बसली. त्याच संध्याकाळी बायाक्का परत आली, परड्यातला दगड धुवायला बसली आणि मध्येच थांबली. अंबूच्या नखांत चिंचेचा आणि राखेचा काळा कड होता. बायाक्कानं तिच्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. आणि पुन्हा दगड धुऊ लागली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायला नकोच. सासूनं, बाळाबाईनं, बश्या काढल्या आणि तिथंच खाली बसली. भांड्यांना शिवतं कोण? बायाक्का. सोनं काढायची अक्कल कुणाला? विणकराला. जुन्या लुगड्यांचे जरीचे काठ जाळून त्यातली चांदी आणि सोनं काढणारी माणसं ती, त्यांना बशीवरचं काढायला कितीसा वेळ! इतकं सरळ होतं ते, की सुनेकडं कुणी वळूनही बघितलं नाही. सोवळ्यातली सून त्या दगडावर बसेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बायाक्का एवढंच म्हणाली की मी न्हाय घेटलं. आणि मग बराच वेळ ती दारातल्या अंबूकडं बघत राहिली, गाडी यायची वाट बघावी तशी. अंबू मनाशी म्हणत होती, आता बोलू, आता बोलू, सासूबाईंचं बोलणं संपलं की बोलू. सासूबाईंचं बोलणं संपलं, बायाक्का गेली, दार लागलं. आण्णाप्पा तसे वाईट नव्हते. पोलिसांत गेले नाहीत. सोनं परत आणून दे, एवढंच म्हणाले. नवव्या दिवशी बायाक्काचा लेक सिद्राम आला, दाराबाहेरच उभा राहिला आणि चिंधीत बांधलेले चार सोन्याचे मणी उंबऱ्यावर ठेवून गेला. पुढं सोनार हसला होता. म्हणाला, आण्णाप्पा, साऱ्या कपाटातल्या भांड्यांचं सोनं खरवडलं तरी यातला अर्धा मणी व्हायचा नाही. आण्णाप्पांनी त्याला गप्प बसवलं. मणी अंबूच्या बोरमाळेत ओवले गेले, पहिल्या डोहाळजेवणाला. ती बोरमाळ आता थोरल्या लेकीच्या गळ्यात निपाणीला, तंबाखूवाल्यांच्या घरी. परत मागायची तर कारण सांगावं लागणार.

सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं असं नाही. पहिल्या बाळंतपणाच्या कळांत ठरवलं होतं. शहापूरच्या सावकारानं सिद्रामला जर देणं बंद केलं, असं मारुतीराव जेवताना सांगत होते, तेव्हा ठरवलं होतं. जर म्हणजे सोन्या-चांदीची तार, विश्वासाचा माल. चोराच्या घरात ती कोण देणार? चांगला हात असलेला विणकर, पण त्या दिवसापासून जाडीभरडी लुगडीच विणत राहिला. अंबूचा घास तोंडात फिरला होता. पण सासू आहे, कसं सांगू? सासू गेली, सासरे होते. सासरे गेले, तर पोरी मोठ्या झाल्या. माणूस मोठं लबाड. भित्रेपणालासुद्धा चांगली लुगडी नेसवतं. आणि ही सगळी वर्षं त्या सहा बश्या कपाटात मागच्या रांगेत, पुढच्या थाळ्यांच्या आडोशाला उभ्या. आज अंबूबाईनं त्यातली एक काढून हातात घेतली. काठ पांढराफटक होता. उजेडाकडं धरली तर पलीकडं बोटांची सावली अजून दिसत होती. बशी तिनं होती तिथं परत ठेवली. शालूला हाक मारून तिनं एवढंच सांगितलं की वडगावला जाऊन येते, आणि टांगा बोलावला.

कपिलेश्वराजवळ रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. टांगेवाला म्हणाला, गोऱ्यांची गाडी आहे, विलायतेला चाललेत, रोज एक तरी निघते आता. पलीकडं सायकलवाले, भाजीवाल्या, बैलगाड्या खोळंबलेल्या. गाडी सावकाश गेली. खिडक्यांतून लालभडक चेहऱ्यांचे सोल्जर बाहेर बघत होते, फाटकापाशी पोरं ओरडत होती, कुणी टोप्या उडवत होतं. अंबूबाईला त्यातलं काही आत शिरत नव्हतं. ती मनाशी एकच वाक्य घोळवत होती: तू न्हाय, मी. तीन शब्द तर आहेत. काकतीत असताना ती विहिरीत उडी मारायची तेव्हा काठावर असंच मोजायची, आणि भावानं मागून ढकलल्याशिवाय पाय सुटायचे नाहीत. भाऊ आता नाही. फाटक उघडलं, टांगा हलला, आणि तिला वाटलं, म्हातारी तोवर गेली असेल तर? या विचारानं तिला हलकं वाटलं. हलकं वाटलं हे कळल्यावर तिनं स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं तसा पदर ओठांवर दाबून धरला. शहापूर मागं पडलं. वडगावच्या गल्लीत प्रत्येक घरातून मागाचा आवाज येत होता, खट्‌क-खट्‌क, आणि टांगा बघून बायका दारात येत होत्या.

बायाक्काचं घर म्हणजे एक लांबोडी खोली. पुढच्या अर्ध्यात जमिनीतला माग, त्याच्या खड्ड्यात पाय सोडून सिद्राम विणत बसलेला. कानशिलं पांढरी झाली होती. अंबूबाईला बघून त्यानं हात थांबवला नाही. धोटा एकदा इकडून तिकडे गेला, एकदा तिकडून इकडे आला. मागच्या अर्ध्यात घोंगडीवर बायाक्का. एवढीशी झाली होती. डोळ्यांवर साऱ्याचा पांढरा पडदा आलेला, पण पावलांच्या आवाजावरून म्हणा, बांगड्यांवरून म्हणा, तिनं ओळखलं. उठायची धडपड केली, अक्काताईनं तिला धरून बसवलं, आणि बसल्याबसल्या तिनं दोन्ही हात पुढं करून अंबूबाईची पावलं चाचपली.

"चुकलं माझं, धाकल्या बाई," ती म्हणाली. "सोनं मीच घेटलंतं."

अंबूबाईचं ते तीन शब्दांचं वाक्य तोंडातच राहिलं. म्हातारी बोलत होती, घाईनं, जणू बरेच दिवस पाठ केलेलं. म्हणाली, दुपारची येळ हुती, समदी निजलीती, मी परड्यात दगडावर बसले, राख घेटली, चिंच घेटली, शेंडी घेटली, आणि घासलं. लई घासलं. सहाच्या सहा. अंबूबाई तिच्यासमोर खाली बसली. राख, चिंच, शेंडी हे या जगात कुणाला ठाऊक नव्हतं, तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. बायाक्कानं नखांवरून सगळं ओळखलं होतं, आणि मग या अंधाऱ्या खोलीत एकवीस वर्षं सगळे चोर म्हणत राहिल्यावर मनातल्या मनात त्या दगडावरून अंबूला उठवून तिथं स्वतः जाऊन बसली होती. असं होत असेल का माणसाचं? होतं, समोर बसलं होतं. अंबूबाईनं म्हातारीचे हात धरले. तिला रडू फुटलं. "न्हाय गं, बायाक्का," ती म्हणाली, "त्या मी घासल्या. माझ्या हातनं गेलं सोनं. तू न्हाईस."

मागाचा आवाज थांबला. म्हातारीनं मात्र मान हलवली, लहान पोराची समजूत काढावी तशी. "तुमी कशाला घासशीला?" ती म्हणाली. "तुमी तर शिवतबी नव्हता त्या भांड्यास्नी." आणि पुन्हा पावलं चाचपू लागली.

सिद्राम खड्ड्यातून वर आला. शेजारचे दोन माग थांबले होते आणि दारात चार-पाच बायका गोळा झाल्या होत्या. त्यांना आतलं किती ऐकू गेलं, कोण जाणे. तो आला आणि आईच्या उशाशी उकिडवा बसला. अंबूबाईला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खाली बघत, हळू आवाजात बोलला. "आठ दिस मी तिला जेवाय घाटलं न्हाय," तो म्हणाला. "कबूल कर म्हणून. नवव्या दिशी व्हय म्हणाली. भणीच्या लग्नाला ठेवलेलं मणी काढून दिलं. मला वाटलं, चला, खरं बोलली एकदाची." मग त्यानं आईच्या विटक्या केसांकडं बघितलं. त्याचा चेहरा पडला नव्हता, रागानं तापलाही नव्हता. त्यावर काहीच नव्हतं. त्यानं अंबूबाईला विचारलं की हे तुम्ही दारातल्या माणसांना सांगाल का, आणि शहापुरात सांगाल का. अंबूबाई म्हणाली, सांगते. खरंच म्हणाली. उठायला तिनं हात टेकलासुद्धा.

पण म्हातारीनं पाय सोडले नाहीत. तिचा श्वास लागला होता. माफ केलं म्हणा बाई, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती, आधी हळू, मग मोठ्यानं, मग दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अक्काताईनं वाटीत पाणी आणून ओठांना लावलं, ते तिनं हातानं सारलं. माफी मिळेतो पाणी न्हाय. अंबूबाईनं पुन्हा एकदा सांगून बघितलं, कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून, आणि म्हातारी घाबरली. तिला वाटलं, बाई माफ करत नाहीत, म्हणून काहीबाही बोलतात. ती लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली.

"म्हणा," सिद्राम म्हणाला.

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"म्हणून टाका बाई. जीव अडकलाय तिचा."

ते खरंच होतं, आणि तरीही त्या क्षणी अंबूबाईच्या आत कुठंतरी काहीतरी सैल झालं, एकवीस वर्षांपूर्वी बायाक्कामागं दार लागल्यावर सैल झालं होतं तसंच. ते तिला कळलं आणि तिला स्वतःची किळस आली. तिनं म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला. "माफ केलं, बायाक्का," ती म्हणाली. आवाज स्वच्छ निघाला. दारातल्या बायकांपर्यंत गेला.

बायाक्कानं घोटभर पाणी घेतलं. मग आणखी एक घेतला आणि आडवी झाली. सिद्राम भिंतीकडं तोंड करून बसला होता. दारातली एक म्हातारी पदरानं डोळे टिपत दुसरीला म्हणाली, बायाक्कानं घरचं सोनं चोरलं तरी स्वतःच्या पायानं आल्या बघ, लई मोठं मन हाय बाईंचं. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि अंबूबाईला जायला वाट करून दिली.